कित्ता कोणाचा गिरवावा?

शाळेचे वार्षिक हाती पडले की पालक प्रथम आपल्या पाल्याचे छायाचित्र शोधतात आणि विद्यार्थी प्रथम आपले नाव शोधतात. दोन्ही गोष्टी स्वाभाविक होत, व त्याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या अक्षरांत ते नाव छापलेले असते, ती अक्षरे कोणी घडविली असा प्रश्न आजवर आम्हांस कोणी विचारला नव्हता. आणि खरे सांगावयाचे तर, वीस वर्षे मराठी शिकवूनही आम्ही स्वतःस तो विचारला नव्हता. गेल्या वर्षी आमच्याच एका विद्यार्थ्यामुळे तो आम्हांपुढे उभा राहिला. त्या निमित्ताने जे विचार मनात आले, ते विद्यार्थी व त्यांचे सुज्ञ पालक ह्यांच्यापुढे मांडावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

हल्ली मुलांच्या तोंडी 'फॉलो करणे' हा शब्द सदोदित असतो. कोणी एखाद्या नटास फॉलो करतो, कोणी खेळाडूस, कोणी चित्रकारास. मोबाईलवर बोट टेकले की अनुसरण झाले! ज्याचे अनुसरण करावयाचे त्याचे काम रोज डोळ्यांपुढून सरकत जाते. आपण 'वाहवा' म्हणतो आणि पुढे जातो. ह्यात मुलांचे काही वाईट होते असे आम्ही म्हणत नाही; पण भलेही फारसे होत नाही. आपल्या भाषेत अनुसरणास एक जुना व नेमका शब्दप्रयोग आहे: कित्ता गिरविणे. गुरूने काढून दिलेल्या वळणदार अक्षरांवरून शिष्याने पुनःपुन्हा हात फिरवावयाचा, तो स्वतःच्या हातास वळण लागेपर्यंत. नुसता कित्ता पाहून कोणाचे अक्षर सुधारल्याचे ऐकिवात नाही. आमचे सांगणे एवढेच आहे की, मुलांनी थोर कलावंतांच्या मागे अवश्य जावे. मात्र पाहणाऱ्याच्या नात्याने न जाता गिरविणाऱ्याच्या नात्याने जावे. आणि मूल तसे जात असेल तर आपण वडीलधाऱ्यांनी त्याच्या वाटेत उभे राहू नये. हे दुसरे सांगणे आम्ही प्रथम स्वतःसच सांगत आहोत, कारण ह्या बाबतीत आमच्याकडून अपराध घडला आहे.

ती हकीकत अशी. गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीतील एका मुलाचे वडील शाळेत आले. घाटावरील एका खेड्यात त्यांची थोडी शेती आहे. त्या दिवशी सोयाबीनची निंदणी टाकून ते मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "सर, हे पोरगं रातच्याला मोबाईलमधी अक्षरं पाह्यत बसते. अक्षरं पाहून पोट भरते काय?" आम्ही मुलास बोलाविले व त्याची वही मागितली. वहीच्या मागील पानांवर एकच 'ळ' सुमारे चाळीस वेळा काढलेला होता. पुढे 'ण', पुढे 'ढ', आणि शेवटी 'बुलढाणा' हा शब्द निरनिराळ्या वळणांनी. आम्ही ती पाने वाचली नाहीत, केवळ मोजली. आणि वडिलांच्या देखत त्यांवर 'वेळेचा अपव्यय' असा लाल शाईचा शेरा मारला. मुलगा काही बोलला नाही. वडिलांचे समाधान झाले, आमचेही झाले, आणि प्रकरण मिटले असे आम्ही समजलो.

पुढे जानेवारीत ह्याच वार्षिकाच्या मराठी विभागाची मुद्रिते छापखान्यातून आली. लेख निरनिराळ्या यंत्रांवर टंकलेले होते, व छापखान्यात ते एका अक्षरपद्धतीतून दुसरीत उतरविले गेले होते. तिघा शिक्षकांनी मुद्रिते वाचली, त्यांत आम्हीही होतो, आणि सर्व ठीक आहे असा निर्वाळा दिला. तोच मुलगा कागद एकत्र लावण्याच्या कामास होता. एका विद्यार्थिनीच्या लेखाचे पान हाती धरून तो हळूच म्हणाला, "सर, सातपुड्यात दर्या कोठून आला?" पाहतो तो, जळगाव जामोदकडील आपल्या मामाच्या गावाहून केलेल्या सहलीचे वर्णन करताना मुलीने 'सातपुड्याच्या दऱ्यांत' असे लिहिले होते, आणि छापून आले होते 'सातपुड्याच्या दर्यांत'! तिघा पदवीधरांच्या डोळ्यांखालून एक अख्खा समुद्र वाहून गेला होता. पुढे शोध केला तेव्हा त्या सोळा पानांत तसल्या एकोणीस चुका निघाल्या. 'शेतकऱ्यांनी', 'तुतारीचे सूर', 'किल्ला' असे साधे शब्दही कोठे तुटलेले, कोठे वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली. मुलाने त्या साऱ्या दाखविल्या. इतकेच नव्हे, तर त्या का झाल्या हेही सांगितले.

हे तुला कोणी शिकविले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "र. कृ. जोशी सरांनी." असे कोणी शिक्षक आमच्या शाळेत नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की, ज्यांस तो 'सर' म्हणत होता ते त्याच्या जन्मापूर्वीच निवर्तले होते.

रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांचा जन्म १९३६ सालचा. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये झाले. 'उल्का' ह्या जाहिरातसंस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. पुढे पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, ज्यास सर्वजण आय. डी. सी. म्हणतात, ते प्राध्यापक झाले. ते कवी होते आणि सुलेखनकारही होते. शब्दाचा अर्थ त्याच्या आकारातूनच दिसावा असे प्रयोग त्यांनी केले. बोरू व कुंचला ज्यांच्या हाती असा लीलया खेळे, त्या गृहस्थांनी संगणक आल्यावर त्याकडे पाठ फिरविली नाही. यंत्रामुळे आपली लिपी बिघडेल अशी भीती अनेकांस वाटत होती. यंत्रास आपली लिपी शिकविली पाहिजे असे जोशी ह्यांस वाटले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे पुढे सी-डॅकमध्ये समाविष्ट झाले, त्यांनी भारतीय लिप्यांचे फाँट घडविले. 'रघु' नावाची अक्षरमाला तेथे तयार होऊन लोकांस विनामूल्य मिळाली. आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० ह्या प्रणालीबरोबर देवनागरीचा जो 'मंगल' नावाचा फाँट घरोघरी गेला, तोही त्यांच्याच हातचा.

पालकहो, 'मंगल' तुम्ही पाहिलेला आहे. तलाठी कार्यालयातील दाखला, शाळेची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, बँकेचा अर्ज, ह्यांपैकी काही ना काही त्या अक्षरांत तुमच्या हाती आलेले आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिका त्याच अक्षरांत काढल्या. 'मंगल' हे नाव आम्हांस पाठ होते. ते ज्याने रेखाटले त्याचे नाव ठाऊक नव्हते. नववीतील मुलास मात्र ते ठाऊक होते, कारण त्याने एके दिवशी संगणकाच्या खोलीत बसून 'ही अक्षरे कोणाची?' असा साधा प्रश्न केला आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडला नाही.

ह्या कामातील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. संगणकाच्या पडद्यावर अक्षर बारीक ठिपक्यांनी उमटते. त्या काळच्या पडद्यांवर ते ठिपके बरेच जाडेभरडे असत. बोरूच्या तिरप्या टोकामुळे रेघ कोठे जाड, कोठे नाजूक होते, आणि त्यातच देवनागरीचे सौंदर्य आहे. परंतु तसली नाजूक वळणे त्या ठिपक्यांत बसत ना. म्हणून 'मंगल'चे अक्षर साधे, मोकळे व स्वच्छ ठेवलेले आहे. मोठमोठ्या फलकांवर ज्याचा कुंचला मुक्तपणे नाचला, त्याने कारकुनाच्या टेबलावरील कागदासाठी आपला हात आवरला. आपली कला मिरविण्यापेक्षा वाचणाऱ्याचे डोळे सांभाळणे त्याने अधिक मानले. कलावंताच्या अंगी कौशल्य असते हे आपण जाणतो; असा संयमही असावा लागतो, हे कित्ता गिरविल्याखेरीज कळत नाही. जोशी ह्यांचे २००८ साली निधन झाले. शेवटच्या वर्षांतही ते वैदिक संस्कृतातील स्वरचिन्हांस संगणकाच्या जागतिक संकेतांत स्थान मिळावे म्हणून झटत होते.

अक्षरे घडविणाऱ्यांची ही परंपरा काही संगणकापासून सुरू झाली नाही. मिशनच्या शाळेत शिकलेल्या आम्हांस तरी तिचा विसर पडता कामा नये. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांनी. कॅरींचे नाव सर्वतोमुखी आहे. पण पोलादाच्या तुकड्यावर उलटे अक्षर कोरून त्याचे ठसे बनविणारे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर ह्यांची नावे किती जणांस माहीत आहेत? मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम ह्याने मराठी अक्षरांस सुबक रूप दिले. त्याच छापखान्यात लहानपणीच खिळे घासण्याच्या कामास लागलेला एक गरीब मुलगा पुढे जावजी दादाजी म्हणून प्रसिद्धीस आला, व १८६९ साली त्याने 'निर्णयसागर' छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षरांची कीर्ती देशभर पसरली. ती अक्षरे कोरणारा हात राणोजी रावजी आरू ह्यांचा होता. जावजींनी ग्रॅहमचे काम दुरून पाहून 'वाहवा' केली नाही. त्या कामाची धूळ अंगावर घेतली. अनुसरण ते हे!

आता त्या दर्याचे गूढ उकलतो, कारण विद्यार्थ्यांस ते उपयोगी पडेल. संगणकास अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. प्रत्येक अक्षरास एक ठराविक क्रमांक असावा व तो साऱ्या जगात एकच असावा, अशी जी व्यवस्था आहे तिला युनिकोड म्हणतात. तिचे पहिले पुस्तक १९९१ साली निघाले. त्यापूर्वीच्या आपल्याकडील अनेक मराठी फाँटांत युक्ती निराळी होती: इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट असेल तोवर मराठी दिसे. तो नसला की त्याच जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी. शिवाय त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, कारण ती डोळ्यांस आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. एका पद्धतीतून दुसरीत मजकूर नेताना हा क्रम बरोबर न उलटला, तर वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. आमच्या मुद्रितांत नेमके हेच झाले होते.

'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. र ला हलंत देऊन य जोडला तर रफार होतो व 'दर्या' उमटतो. परंतु डोंगरातील 'दऱ्या', शेतात राबणारे 'शेतकरी' ह्यांचे रूप 'शेतकऱ्यांनी', दाराच्या 'पायऱ्या', ह्या साऱ्यांत र चा आघात निराळा आहे, आणि त्यासाठी मराठीत चंद्रकोरीसारखा अर्धा र लिहितात. हिंदीस त्याची गरज पडत नाही, मराठीस पडते. म्हणून युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला निराळा 'ऱ' आहे. त्यास हलंत देऊन य जोडला की चंद्रकोर मिळते. कोणा तरी जाणत्याने मराठीच्या वतीने ही काळजी घेतली, म्हणून आज आपल्यास आचार्यांस मान देता येतो व आचाऱ्यांस स्वयंपाक सांगता येतो. ही काळजी घेतली गेली नसती, तर यंत्राच्या सोयीसाठी आपली भाषा अर्ध्या र ने गरीब झाली असती, आणि पुढील पिढीस तो कधी होता हेही कळले नसते.

हीच गोष्ट 'ल' व 'श' ह्यांची. आमच्या पिढीने पाटीवर जो ल गिरविला तो दोन पाकळ्यांचा. हिंदीतील ल उभ्या दांड्याचा. संगणकावर व मोबाईलवर बरेचदा हिंदी वळणाचीच अक्षरे येतात, आणि बालवर्गातील मुलास पुस्तकात एक ल व आईच्या मोबाईलवर दुसरा ल असा घोटाळा होतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही रूपे ठरवून दिली. अलीकडील काही चांगल्या फाँटांत दोन्ही रूपे ठेवलेली असतात, व मजकूर मराठी आहे असे यंत्रास सांगितल्यास ते मराठी रूप काढते. आपल्या जिल्ह्याच्या नावातच ल आहे. एस. टी. स्थानकावरील पाट्या, दुकानांचे फलक, ट्रॉल्यांच्या मागची नावे पाहत एकदा चिखलीपासून खामगावापर्यंत प्रवास करा, व कोणता ल किती वेळा आढळला ते वहीत मांडा. विद्यार्थ्यांनो, हा तुम्हांस सुट्टीतील अभ्यास समजा.

जोशी ह्यांच्यामागे ही परंपरा खुंटली नाही. 'एक टाईप' ह्या संस्थेतील तरुण कलावंतांनी मराठीस उत्तम अक्षरे दिली आहेत. गिरीश दळवी व यशोदीप घोलप ह्यांची 'मुक्ता' ही देवनागरी अक्षरमाला आज असंख्य पडद्यांवर वाचली जाते. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे ह्यांचा 'मोदक' पाहिला तर नावाप्रमाणेच गुबगुबीत, अक्षरातील पोकळी अगदी रेषेएवढी उरलेली, आणि तरीही अक्षर ओळखू येते. ही दोन्ही अक्षरे कोणासही विनामूल्य वापरता येतात. मुळाक्षरे पन्नासाच्या आसपास असली, तरी जोडाक्षरे, मात्रा, लहानमोठ्या वेलांट्या धरून एका फाँटास शेकडो आकार काढावे लागतात, आणि प्रत्येक आकार शेजारच्या प्रत्येक आकाराशी गुण्यागोविंदाने नांदला पाहिजे. आमचा विद्यार्थी ह्या अक्षरांचे मोठे ठसे कागदावर घेऊन त्यांवरून पेन्सिल फिरवीत असे. ज्या पानांवर आम्ही 'वेळेचा अपव्यय' लिहिले, ती पाने म्हणजे हा त्याचा कित्ता होता.

येथे पालकांच्या शंकेस उत्तर दिले पाहिजे. कारण ती शंका खोटी नाही. अक्षरे पाहून पोट भरते काय? आमच्या गावात दुकानांचे फलक रंगविणारे एक वृद्ध पेंटर आहेत. त्यांच्या हातचा 'किराणा' हा शब्द पाहण्यासारखा असे. फ्लेक्स आले, आणि रंगविलेल्या फलकास जेथे दोन दिवस लागत तेथे एका तासात छापील फलक मिळू लागला. त्यांचा धंदा बुडाला. दोन्ही मुलगे पुण्यास कारखान्यात गेले. हे डोळ्यांपुढे असताना शेतकरी बापाने मुलाच्या अक्षरप्रेमास भ्यावे ह्यात नवल नाही. त्या बापास आम्ही अज्ञानी म्हणणार नाही. त्याने जग पाहिले आहे.

परंतु त्याच फ्लेक्सकडे पुन्हा एकवार पाहा. त्यावरील अक्षरे ताणलेली, चेपलेली, रफार भलतीकडे, शुभेच्छांत एक चूक व श्रद्धांजलीत दोन. यंत्राने पेंटरचा हात काढून घेतला; त्याचा डोळा मात्र यंत्राजवळ नाही, आणि तो डोळा आज कोणापाशीच उरलेला नाही. ज्याच्यापाशी तो असेल त्याची गरज छापखान्यास, वृत्तपत्रास, पुस्तकास, सरकारी कचेरीस आणि मोबाईल बनविणाऱ्यास, साऱ्यांसच आहे. त्या गरजेतून प्रत्येकास नोकरी मिळेलच असे आश्वासन आम्ही देणार नाही. तसे तर अभियांत्रिकीच्या पदवीनेही कोणी देऊ शकत नाही. वाटा मात्र आहेत, व त्या घरी माहीत असाव्यात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या रेखाकला परीक्षा शाळेतूनच देता येतात. दहावी-बारावीनंतर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कलामहाविद्यालयांत उपयोजित कलेचे शिक्षण मिळते. आय. आय. टी. च्या आय. डी. सी. मध्ये २०१५ पासून बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रमही आहे. त्याची प्रवेशपरीक्षा कठीण आहे, आणि जागा थोड्या आहेत. म्हणजे अक्षरांच्या नादाने अभ्यास सुटावा असे कोणी समजू नये. त्या नादासाठी अभ्यास अधिक करावा लागतो.

दुसरी शंका अशी की, मूल खरोखर कित्ता गिरवीत आहे की नुसते मोबाईलवर डोळे लावून बसले आहे, हे ओळखावे कसे? ह्याचे उत्तर सोपे आहे: वही मागावी. जो गिरवितो त्याच्यापाशी कागद असतो, त्यावर चुका असतात, आणि कालच्या चुकीपेक्षा आजची चूक निराळी असते. ज्याच्यापाशी दाखवावयास काहीच नसेल, त्याचा मोबाईल काढून घ्यावयास आमची ना नाही. परंतु वही पुढे आली तर ती उघडून पाहावी. ती मोजू नये. आम्ही मोजली, आणि त्याची शिक्षा म्हणून आमच्या मासल्याच्या मराठी विभागात समुद्र शिरला!

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडक्यात असे. ज्याचे काम तुम्हांस आवडते असा एकच कलावंत निवडा, शंभर नको. तो चित्रकार असो, अक्षरकार असो, वास्तुकार असो वा यंत्रांचे आराखडे काढणारा असो. त्याचे पूर्ण नाव, त्याचे गुरू व त्याची कामे सालवार लिहून काढा. त्याचे एक काम घेऊन ते स्वतःच्या हाताने पुन्हा करा, आणि तुमचे बिघडले कोठे ते पाहा. जेथे बिघडेल तेथेच त्याची खुबी दडलेली असते. मग ते आपल्या गावास लावा: आपल्या बाजाराचा फलक, आपल्या शाळेचे नाव, आपल्या आजीची ओवी लिहिलेली वही. जो दुसऱ्याचा कित्ता स्वतःच्या अंगणापर्यंत आणीत नाही, तो जन्मभर प्रेक्षकच राहतो. आणि एक गोष्ट विसरू नका. आज अनेक मुले मोबाईलवर मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत पाठवितात, कारण ते लवकर होते. पंचानन कर्मकारांपासून र. कृ. जोशींपर्यंत इतक्या लोकांनी दोनशे वर्षे डोळे शिणवून जी अक्षरे तुमच्या बोटांखाली आणून ठेविली, ती न वापरणे म्हणजे घरच्या विहिरीस पाणी असताना टँकरची वाट पाहणे होय. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे काय असते, हे आपल्या जिल्ह्यातील मुलांस निराळे सांगावयास नको.

शाळेसही काही करता येईल. आठवड्यातून एक तास अक्षरलेखनास द्यावा, व उपरोक्त वृद्ध पेंटरांस सन्मानाने बोलावून त्यांच्या हातचे वळण मुलांस पाहू द्यावे, अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांपुढे ठेविली आहे. ते गृहस्थ येण्यास कबूल आहेत. 'कुंचला घरीच आहे, वाळला आहे, पण भिजवला तर चालेल,' असे ते म्हणाले. पालकांनी संमती कळवावी. कोणतीही वर्गणी नाही.

राहता राहिला तो मुलगा. त्याच्या वहीतील आमचा शेरा आम्ही खोडला नाही. त्याखाली 'हा अभिप्राय चुकीचा होता' असे लिहून सही केली, व वही वडिलांस दाखवावयास सांगितली. पुढे आठवडी बाजारच्या दिवशी ते भेटले. मुलगा पेंटर होणार की काय, ही त्यांची चिंता अजून गेलेली नाही, व ती आम्ही पूर्णपणे घालवूही शकलो नाही. मात्र ते एवढे म्हणाले की, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावाचे नाव त्याच्याकडूनच लिहून घेतले आहे, आणि ते लोक थांबून वाचतात.

यंदाच्या मराठी विभागाची मुद्रिते प्रथम त्याच्या हाती दिली होती. तरीही ह्या पानांत एखादी चूक राहिली असेल, तर वाचकांनी ती अवश्य कळवावी. ती आमची समजावी, त्याची नव्हे.

— एक शिक्षक